वाऱ्याला पुरून उरणारं काडतूस

कोल्हापूरहून पाहुणा आला आणि माझी रायफल त्याच्या नजरेस पडली, की पहिला प्रश्न ठरलेला: "केवढी मोठी गोळी लागते हिला?" परवान्यावरची .315 पाहिलेल्या माणसाला काडतूस म्हणजे ताकद वाटणारच. इथे डेन्व्हरला राहून लांबच्या नेमबाजीचा नाद लागला, तेव्हापासून मी मात्र आधी वाऱ्याचा विचार करतो, मग खांद्याचा. ताकद तिसऱ्या नंबरावर.

नवशिक्यापुढे बहुधा दोन नावं येतात. .308 विंचेस्टर 1952 सालचं, जुनं आणि भरवशाचं. 6.5 क्रीडमूर हॉर्नेडी कंपनीने 2007 मध्ये आणलं. पहिल्याची गोळी 7.8 मिलिमीटर जाड, दुसऱ्याची 6.7. दोन्ही काडतुसं शेजारी उभी करून बघा: क्रीडमूरची पुंगळी किंचित आखूड आणि तिच्या तोंडातून गोळी दाभणासारखी लांब बाहेर आलेली. हा आखूडपणा मुद्दाम ठेवलेला आहे. काडतूस नेहमीच्या मॅगझिनमध्ये मावायला हवं, पण लांब गोळीचं बूड दारूच्या जागेत फार घुसायलाही नको. अशी निमुळती गोळी वेग कमी गमावते, म्हणून वारा तिला कमी ढकलतो.

किती कमी? समुद्रसपाटीच्या हवेत, ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा धरला, तर 1000 यार्डांवर .308 ची 175 ग्रेनची गोळी सुमारे 9 फूट वाहवते. क्रीडमूरची 140 ग्रेनची (म्हणजे जेमतेम 9 ग्रॅमची) गोळी सहा-साडेसहा फूट. न्यू मेक्सिकोत राटोनजवळच्या व्हिटिंग्टन सेंटरला 1,123 यार्डांवर पोलादाचा एक पांढरा बायसन उभा आहे. गोळी लागल्यावर 'टण्ण' ऐकू यायला तीन सेकंद जातात! मधल्या मैदानात गवत एकीकडे डावीकडे झुकलेलं, पुढे उजवीकडे. वाऱ्याचा अंदाज तिथे भल्याभल्यांचा चुकतो; क्रीडमूर त्या चुकीचा दंड कमी घेते, एवढंच.

धक्क्याचंही तसंच. क्रीडमूर खांद्याला कमी हिसका देते, त्यामुळे स्कोप निशाण्यावरून फार हलत नाही आणि आपली गोळी कुठे धूळ उडवते ते आपल्यालाच दिसतं. दुसरी गोळी त्यावरून सुधारता येते. .308 ची बाजू घ्यायची तर तिची नळी पाच हजार गोळ्यांच्या पुढेही चालते. क्रीडमूरची अडीच-तीन हजारांत उतरणीला लागते. नव्या नळीचं बिल आलं की हा फरक चांगलाच कळतो.

शिकारीचा हिशोब वेगळा. भारतात 1972 च्या कायद्याने ती बंद झाली. कोलोरॅडोत परवाना काढून, हंगामातच करता येते. एल्क म्हणजे तीनशे किलोंचं धूड. त्याच्यासाठी इथला नियम किमान 6 मिलिमीटरची, 85 ग्रेनची गोळी मागतो. क्रीडमूर त्यात आरामात बसते. पण निशाण्यावरची गोळी शिकारीला नेऊ नये. शिकारीची गोळी शरीरात नीट फुलली पाहिजे आणि त्यासाठी तिच्यात वेग उरलेला हवा. फार लांबून मारली तर ती नुसतं भोक पाडते आणि जनावर जखमी होऊन रानात मरतं. पोलादावर हजार यार्ड मारणाऱ्याने एल्कवर तो हट्ट धरला, तर मला तो शिकारी वाटत नाही.

माझ्या ओळखीचे जुने शिकारी अजून 1906 सालची .30-06 च वापरतात. त्यांना मी क्रीडमूर घ्या म्हणून सांगायला जात नाही. ते तीनशे यार्डांच्या पुढे चाप ओढतच नाहीत आणि तेवढ्या अंतरात वाऱ्याला फार काही करायला सवडच मिळत नाही.