तीस वर्षांची वाट

परवा दहावीच्या वर्गात ‘ज्यूस’ यानाचा विषय निघाला. एप्रिल २०२३ मध्ये सुटलेले हे युरोपीय यान गुरूपाशी पोहोचणार जुलै २०३१ मध्ये. एक मुलगी बोटांवर मोजून म्हणाली, “सर, तोवर मी कॉलेजही संपवेन!” तिचे अब्बा आदल्याच आठवड्यात भेटून गेले होते. सायन्सला फार वर्षे लागतात, त्यापेक्षा वर्षभराचा कोर्स बरा, असे त्यांचे म्हणणे. त्यांना मी रोझेटाची हकीकत सांगितली होती.

युरोपीय अंतराळ संस्थेने १९८४ मध्ये ‘होरायझन २०००’ हा दीर्घ आराखडा केला. धूमकेतूचा नमुना पृथ्वीवर आणणे, हे त्यातले एक स्वप्न. पुढे खर्च झेपेना. तेव्हा १९९३ मध्ये ठरले, नमुना आणायचा नाही, यानानेच तिथे जाऊन तपासायचे. जानेवारी २००३ चे उड्डाण पक्के झाले. पण महिनाभर आधी त्याच जातीचे एक रॉकेट उड्डाणात नष्ट झाले. रोझेटा थांबले आणि ठरलेला विर्तानेन धूमकेतू हातचा गेला. धूमकेतू थोडाच कुणासाठी थांबतो! मग चुर्युमोव्ह-गेरासिमेंको हा दुसरा निवडला.

मार्च २००४ मध्ये यान सुटले. वेग आणि दिशा साधण्यासाठी ते तीनदा पृथ्वीजवळून, एकदा मंगळाजवळून गेले. सूर्यापासून इतके दूर गेले की ऊन पुरेना, म्हणून ३१ महिने झोपवून ठेवले. जानेवारी २०१४ मध्ये ते आपल्या घड्याळाने जागे झाले, ऑगस्टमध्ये मुक्कामी पोहोचले. आराखड्याला तीस वर्षे झाली होती. पहिल्या बैठकांतले कित्येक जण तोवर निवृत्त झाले असतील. नोव्हेंबरात उतरवलेली फिलाय ही कुपी उसळ्या खात सावलीत जाऊन पडली, तरी साठेक तास काम करून गेली. रोझेटाच्या पहिल्या मोजमापांत तिथले पाणी आपल्या समुद्रांच्या पाण्यापेक्षा वेगळे दिसले.

आता ‘लिसा’ची तयारी चालू आहे. एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर राहणारी तीन याने गुरुत्वीय लहरी टिपतील. उड्डाण २०३५ च्या सुमारास. अशाच लहरींसाठी जमिनीवरची वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ उभी राहते आहे.

हिंगोलीचे नाव ऐकताच अब्बा सावरून बसले. त्यांची बहीण तिथेच दिलेली. “तिथे नोकरीला कोणतं शिक्षण लागतं, सर?” भौतिकशास्त्र, इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर, मी म्हणालो. अकरावीचा फॉर्म त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. अजून भरून आलेला नाही.