क्रिकेट कार्डांचं चांगलं दुकान कसं ओळखायचं? औंढा नागनाथमधून शोध कुठून सुरू करावा, समजून घ्या

औंढा नागनाथ (जि. हिंगोली) : नागनाथ मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेलफूल, प्रसाद, रुद्राक्षाच्या माळा, देवाच्या तसबिरी आणि मुलांची खेळणी मिळतात. पण तिथे 'क्रिकेट कार्डं आहेत का?' असं विचारलं, तर समोर पत्त्यांचा कॅट किंवा प्लॅस्टिकची बॅट येण्याचीच शक्यता जास्त. दुसरीकडे, मोबाईल उघडला की आवडत्या खेळाडूचं 'दुर्मीळ', 'सहीचं', 'लिमिटेड एडिशन' कार्ड विकणाऱ्या जाहिराती रांगेने दिसतात. किंमत काही हजार रुपये, पैसे आधी भरायचे आणि कार्ड हातात आल्यावरच कळणार की ते खरं आहे की घरच्या प्रिंटरवर छापलेलं.

म्हणूनच, हातात घेऊन बघता येईल असं कार्ड विकणारं, रस्त्यावरचं खरंखुरं दुकान शोधणं महत्त्वाचं ठरतं. असं दुकान कुठे शोधायचं, ते चांगलं आहे हे कसं ओळखायचं आणि पैसे देण्याआधी काय तपासायचं?

थोडक्यात

- छोट्या गावात फक्त कार्डांचं दुकान मिळणं अवघड. शोध स्टेशनरी, खेळणी आणि पुस्तकांच्या दुकानांपासून सुरू करावा.
- पाकिटावर एमआरपी आणि कंपनीचं किंवा आयातदाराचं नाव नसेल तर घेऊ नये.
- कार्ड भिंगाखाली बघू देणारा दुकानदार बरा. 'हात लावू नका, फक्त पैसे द्या' म्हणणारा नको.
- नेहमीच्या दुकानातून पक्कं बिल घेतलं, तर फसवणूक झाल्यावर तक्रारीला आधार मिळतो.

स्पोर्ट्स कार्ड म्हणजे काय?

जाड कागदावर पुढे खेळाडूचा फोटो आणि मागे त्याची आकडेवारी, असं हे कार्ड असतं. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्स या तंबाखू कंपनीने १८९६ मध्ये सिगारेटच्या पाकिटातून क्रिकेटपटूंची कार्डं दिली होती. अमेरिकेत बेसबॉलची कार्डं च्युइंग गमसोबत घरोघरी पोहोचली. तिथल्या टॉप्स कंपनीने १९५७ मध्ये अडीच इंच बाय साडेतीन इंच हा आकार वापरला आणि पुढे तोच जगभर प्रमाण मानला गेला.

आपल्याकडेही ही हौस नवी नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बिग फन बबलगमच्या कागदातून निघणाऱ्या धावा आणि विकेट मुलं जमवायची. त्यानंतरच्या पिढीने शाळेच्या मधल्या सुट्टीत ट्रम्प कार्ड खेळली. कोणाच्या धावा जास्त, कोणाच्या विकेट जास्त, यावर समोरच्याचं कार्ड जिंकायचं. डब्ल्यूडब्ल्यूई पैलवानांच्या कार्डांवर उंची, वजन आणि छातीचं माप असायचं. अलीकडच्या काळात टॉप्सची 'क्रिकेट अटॅक्स' आणि इटलीच्या पानिनी कंपनीची 'ॲड्रेनलिन एक्सएल' ही कार्डं भारतात विकली गेली.

खेळण्याचं कार्ड आणि जपून ठेवण्याचं कार्ड यातला फरक किमतीत दिसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात मायकल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्या सह्या असलेलं एक बास्केटबॉल कार्ड सुमारे १ कोटी २९ लाख डॉलरला गेलं. अशा बातम्या वाचूनच अनेक जण या छंदाकडे 'गुंतवणूक' म्हणून बघू लागतात आणि फसवणारेही नेमकी हीच बातमी पुढे करतात. बाजारातली बहुतेक कार्डं मात्र पाकिटाच्या किमतीइतकीही परत मिळवून देत नाहीत.

ऑनलाइन मिळतं, मग दुकान कशाला?

याचं उत्तर गणितात आहे. समजा, एका संचात १०० वेगवेगळी कार्डं आहेत आणि प्रत्येक कार्ड निघण्याची शक्यता सारखी आहे. एकट्याने फक्त पाकिटं फोडून हा संच पूर्ण करायचा, तर सरासरी सुमारे ५१९ कार्डं घ्यावी लागतात. सुरुवातीला प्रत्येक कार्ड नवं निघतं, पण शेवटची चार-पाच कार्डं मिळेपर्यंत हातात डुप्लिकेटचा ढीग जमतो. एका पाकिटात ६ कार्डं आणि पाकीट ५० रुपयांचं धरलं, तर ही ८७ पाकिटं होतात आणि खर्च चार हजारांच्या वर जातो.

पण तोच संच जमवणारे पाच-सहा जण एका दुकानात भेटत असतील, तर डुप्लिकेटची अदलाबदल होते आणि प्रत्येकाचा खर्च बराच खाली येतो. ज्या दुकानात मुलं 'हे तुझ्याकडे आहे का? मग ते मला दे' म्हणत उभी असतात, ते दुकान संग्राहकाचे पैसे वाचवतं. ऑनलाइन खरेदीत हे सहज होत नाही.

दुसरा मुद्दा दुर्मीळ कार्डांचा. पाकिटावर '१:२४' असं लिहिलेलं असेल, तर सरासरी २४ पाकिटांत एक खास कार्ड असतं. म्हणून २४ सुटी पाकिटं घेतली की ते मिळणारच, असा अनेकांचा समज असतो. वेगवेगळ्या ठिकाणांहून २४ पाकिटं घेतली, तरी एकही खास कार्ड न निघण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. त्यातही एखाद्याने पाकिटं आधीच वजनकाट्यावर तोलून जाड कार्डाची पाकिटं बाजूला काढली असतील, तर उरलेल्या पाकिटांत काहीच नसतं. म्हणून सीलबंद डबा गिऱ्हाईकासमोर उघडणाऱ्या दुकानाला महत्त्व आहे.

औंढ्यातून शोध कुठे करायचा?

पहिला टप्पा गावातच. शाळेजवळची स्टेशनरीची आणि खेळण्यांची दुकानं बघावीत. जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि आयपीएलच्या दिवसांत अशा मालाला मागणी असते. दुकानात कार्डं नसतील, तर 'तुमच्या होलसेलवाल्याकडे मिळतील का?' एवढं विचारावं. गावातला दुकानदार एका पाकिटासाठी माल मागवणार नाही, पण पाच-सहा गिऱ्हाइकांनी मिळून अख्ख्या डब्याची ऑर्डर दिली तर तो विचार नक्की करेल.

दुसरा टप्पा जवळच्या शहरांचा. हिंगोली औंढ्यापासून सुमारे २५ किलोमीटर, परभणी सुमारे ५० आणि नांदेड सुमारे ६० किलोमीटरवर आहे. तिथे मोठी खेळण्यांची दुकानं, पुस्तकांची दुकानं आणि क्रीडा साहित्याची दुकानं या क्रमाने विचारपूस करावी. जाण्याआधी फोन करून संचाचं नाव, वर्ष आणि सीलबंद डबा आहे का, हे तीन प्रश्न विचारले तर एसटीची फेरी वाया जात नाही. 'कार्ड आहेत' एवढ्यावर निघालं, तर तिथे वाढदिवसाची ग्रीटिंग कार्डं दाखवली जाऊ शकतात.

महाशिवरात्रीची औंढ्याची यात्रा किंवा हिंगोलीचा दसरा महोत्सव, अशा ठिकाणी खेळण्यांची दुकानं मोठ्या संख्येने लागतात. तिथे मुलांना खेळायला स्वस्त ट्रम्प कार्डं घ्यायला हरकत नाही. महागडं कार्ड मात्र तिथे घेऊ नये. यात्रा संपली की दुकान उठतं आणि तक्रार करायला कोणी उरत नाही.

तिसरा टप्पा मोठ्या शहरांचा. पुण्यातला अप्पा बळवंत चौक पुस्तकं आणि स्टेशनरीसाठी, तर तुळशीबाग खेळण्यांसाठी ओळखली जाते. मुंबईत फोर्ट परिसरात जुनी तिकिटं आणि नाणी विकणारे आहेत. जुन्या सिगारेट कार्डांची माहिती अशाच जुन्या वस्तूंच्या जाणकारांकडून मिळू शकते. पुण्याच्या सहकारनगरमधलं 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेट संग्रहालय दुकान नव्हे, पण खेळाडूंच्या खऱ्या सह्या जवळून कशा दिसतात हे बघण्यासाठी ते उपयोगी आहे.

चांगलं दुकान ओळखण्याच्या ५ खुणा

१. किंमत लिहिलेली असते. गिऱ्हाईक बघून भाव बदलत नाही. सीलबंद पाकिटावर एमआरपी, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि महिना-वर्ष असतं. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेणं बेकायदा आहे.

२. सुटं कार्ड हातात देतो. कार्ड पारदर्शक कव्हरमध्ये ठेवून उजेडात बघू देतो, भिंग वापरू देतो.

३. दोष स्वतःहून सांगतो. 'कोपरा थोडा दबलाय, म्हणून भाव कमी आहे' असं सांगणाऱ्या दुकानदारावर पुढच्या वेळीही विश्वास ठेवता येतो.

४. विकतो तसा परतही घेतो. 'हेच कार्ड महिन्याने परत आणलं तर किती द्याल?' हा प्रश्न विचारावा. पाच हजारांचं कार्ड पाचशेलाही परत घ्यायला तयार नसेल, तर आधी सांगितलेला भाव कशाचा होता, हे समजून घ्यावं.

५. पक्कं बिल देतो. बिलावर फक्त 'कार्ड – १ नग' नको. खेळाडू, संच, वर्ष आणि सही असल्यास 'कंपनी प्रमाणित सही' असं लिहून घ्यावं.

खरं की खोटं, कसं तपासायचं?

यासाठी १० पट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरेसं आहे. घड्याळ दुरुस्त करणारे आणि सोनार ते रोज वापरतात. छापखान्यात छापलेल्या कार्डावर फोटोचे रंग ठरावीक रचनेतल्या बारीक ठिपक्यांचे दिसतात. घरच्या इंकजेट प्रिंटरवरच्या नकलेत ठिपके अस्ताव्यस्त विखुरलेले असतात आणि अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात.

सही तपासतानाही हेच भिंग कामाला येतं. सहीच्या रेषेत ठिपके दिसले, तर ती सही छापलेली आहे. अशी कार्डं कंपन्या स्वतःही काढतात आणि त्यात गैर काही नाही, पण ती 'हाताने केलेली सही' म्हणून विकली तर ती फसवणूक ठरते.

पट्टीने माप घ्यावं. प्रमाण आकाराचं कार्ड सुमारे ६३ बाय ८९ मिलिमीटर असतं. दबलेली कड लपवण्यासाठी कार्ड एखाद-दोन मिलिमीटर कापलं जातं. त्याच संचातलं साधं कार्ड शेजारी ठेवलं की हा फरक लगेच दिसतो. जाडी आणि कागदाचा रंगही तसाच ताडून बघावा.

जुन्या कार्डासाठी किराणा दुकानात नोटा तपासायला ठेवलेला जांभळा दिवा उपयोगी पडतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून वापरली जाणारी रसायनं या दिव्याखाली निळसर चमकतात आणि त्यांचा वापर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात रुळला. '१९३० सालचं' म्हणून दाखवलेलं कार्ड लख्ख चमकलं, तर शंका घ्यावी.

महागडी कार्डं अनेकदा कडक प्लॅस्टिकच्या बंद डबीत येतात. तिला 'स्लॅब' म्हणतात. अमेरिकेतली पीएसए ही १९९१ पासून काम करणारी संस्था कार्डाला १ ते १० गुण देऊन त्यावर क्रमांक टाकते. तो क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत तपासता येतो. पण नुसता क्रमांक जुळणं पुरेसं नाही, कारण खऱ्या कार्डाचा क्रमांक बनावट डबीवरही छापला जातो. संकेतस्थळावर फोटो असेल, तर कार्डाचे कोपरे आणि चित्राच्या चारही बाजूंची पांढरी पट्टी जुळते का, ते बघावं.

भाव किती द्यावा?

ऑनलाइन बाजारात कोणीही कितीही किंमत लावू शकतो. म्हणून लावलेला भाव न बघता, 'विकलं गेलेलं' असा फिल्टर लावून प्रत्यक्ष व्यवहार किती रुपयांना झाला ते बघावं. तेच कार्ड, तेच वर्ष आणि तीच अवस्था, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तुलना खरी.

घरी आणल्यावर ही चूक नको

आधार कार्डासारखं लॅमिनेशन करून ठेवलं की टिकेल, असं वाटतं. पण लॅमिनेशन केल्यावर कार्डाची संग्राहक म्हणून असलेली किंमत जवळपास संपते, कारण ते परत सोडवता येत नाही. झेरॉक्सच्या दुकानातली ओळखपत्राची कव्हरंही चालत नाहीत. आधार कार्ड साधारण ५४ बाय ८६ मिलिमीटरचं असतं आणि क्रिकेट कार्ड त्यापेक्षा रुंद असल्याने ते कोंबताना कडा मोडतात. कार्डाच्या मापाची, पीव्हीसी नसलेली कव्हरं घ्यावीत. पावसाळ्यात दमट हवेने कार्डं वाकतात. त्यामुळे घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलची पुडी एवढं पुरेसं असतं.

फसवणूक झाली तर?

आधी दुकानदाराला लेखी कळवावं. व्हॉट्सॲप संदेशाचाही पुरावा म्हणून उपयोग होतो. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

मात्र हा कायदा व्यापाऱ्याकडून केलेल्या खरेदीसाठी आहे. एखाद्या ग्रुपवर भेटलेल्या अनोळखी माणसाला यूपीआयने पैसे पाठवून कार्ड घेतलं, तर हा मार्ग अवघड होतो आणि प्रकरण पोलिसांकडे न्यावं लागू शकतं. दुकानातलं कार्ड पाच-पन्नास रुपयांनी महाग पडलं तरी हा फरक लक्षात ठेवायला हवा.

मग औंढ्यातल्या संग्राहकाने काय करावं?

पहिली पायरी नांदेड-पुण्याची नाही, गावातलीच आहे. तोच संच जमवणारे चार-पाच जण शोधावेत, ओळखीच्या स्टेशनरीवाल्याशी बोलावं, एक सीलबंद डबा मागवावा आणि तो सगळ्यांसमोर उघडावा. डुप्लिकेटची अदलाबदल त्याच काउंटरवर करावी. यातून कोणी लखपती होणार नाही. पण मुलांना कमी पैशांत संच पूर्ण करता येईल, दुकानदाराला नवं गिऱ्हाईक मिळेल आणि हजारो रुपयांचं 'दुर्मीळ' कार्ड मोबाईलवर दिसलं, तर ते आधी दाखवायला गावात एक जागा असेल.