मासे, मुळे आणि गावाची पाळी

रायगडच्या किनाऱ्यावरील दिवेआगरच्या वाड्यांत भर दुपारी जी गर्द सावली असे, ती ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने एका दिवसात फोडून टाकली. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या पोफळी आणि माड आडवे झाले, आणि पोफळीचे नवे रोप फळ धरावयास पाच-सात वर्षे लागतात हे पक्के ठाऊक असलेल्या बागाईतदारांपुढे, मधल्या काळात वाडीने आणि विहिरीने घराला काय द्यावे, हा प्रश्न उभा राहिला. त्या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत. त्यांतल्या एकाचा, म्हणजे मासे आणि भाजी एकाच पाण्यावर पोसणाऱ्या अ‍ॅक्वापोनिक्स पद्धतीचा, येथे परिचय करून द्यावयाचा आहे. चार-पाच घरांनी मिळून हे काम आरंभावयाचे झाल्यास त्याची खरी कसोटी यंत्रात नसून वहिवाटीत आहे, असे माझे मत आहे.

रचना मुळात साधी आहे. एका टाकीत मासे असतात; त्यांचे पाणी पंपाने उचलून खडीने भरलेल्या वाफ्यात सोडतात; वाफ्यात लावलेल्या भाजीच्या मुळांतून आणि खडीतून फिरून ते पुन्हा टाकीत उतरते. माशांनी सोडलेला अमोनिया माशांनाच विषारी असतो. पण खडीवर वस्ती करणारे जीवाणू आधी त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट हे तर वनस्पतीचे अन्नच. हा पालट सजीवांकडून होतो, हे श्लोझिंग आणि म्युन्त्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ साली वाळू भरलेल्या नळीतून मैलापाणी सोडून सिद्ध केले. क्लोरोफॉर्मची वाफ देताच तो थांबला, यावरून करणारा जिवंत आहे हे उघड झाले. पुढे विनोग्राद्स्कीने १८९०च्या सुमारास ते जीवाणू वेगळे काढून दाखविले. अ‍ॅक्वापोनिक्सची सारी भिस्त या डोळ्यांना न दिसणाऱ्या चाकरमान्यांवर आहे, आणि नवशिक्या मंडळींचे पहिले मासे मरतात ते बहुधा या जीवाणूंची वस्ती होण्यापूर्वीच टाकीत मासे सोडल्यामुळे.

या पद्धतीला शास्त्रीय रूप अलीकडे आले. अमेरिकेतील केप कॉडवरच्या, १९६९ साली स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटमध्ये माशांच्या टाक्यांशी भाजीपाल्याची सांगड घालण्याचे प्रयोग झाले. व्हर्जिन बेटांच्या विद्यापीठात जेम्स राकॉसी यांनी १९८० पासून, गोड्या पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या बेटावर, वर्षानुवर्षे खपून व्यापारी प्रमाणावर चालेल अशी व्यवस्था उभी केली. आणि २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने लहान प्रमाणावरील अ‍ॅक्वापोनिक्सची सविस्तर पुस्तिका प्रसिद्ध केली. आपल्या देशात केरळच्या किनाऱ्यावर, चेराई येथे, स्थानिक सहकारी बँकेच्या आश्रयाने घरोघरी अशा टाक्या बसविल्या गेल्या. किनाऱ्यावरचे गाव आणि सहकारी पतपुरवठा हा जोड कोकणाने विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे.

दिवेआगरात आरंभ करावयाचा तर प्रथम पाहावयाचे ते विहिरीचे पाणी. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्यामुळे वैशाखात पाणी मचूळ होणारी विहीर यासाठी निरुपयोगी. पालक, माठ, कोथिंबीर यांना तो खारटपणा सोसत नाही. पाण्यानंतर खडीची निवड. समुद्रावरची वाळू फुकट मिळते म्हणून वाफ्यात भरण्याचा मोह होतो, तो आवरावा. त्या वाळूची चिमूट बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले की शिंपल्यांच्या चुऱ्यातून बारीक बुडबुडे फसफसू लागतात. तोच चुना पुढे पाण्याचा सामू (पीएच) वाढवीत राहतो, आणि चढ्या सामूत एकीकडे अमोनिया अधिक विषारी होतो व दुसरीकडे मुळांना लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने पिवळी पडतात. काळ्या दगडाची, धुऊन घेतलेली, साधारण ८ ते २० मिलिमीटर आकाराची खडी एक फूट खोलीपर्यंत भरावी. सामू ६ ते ७ च्या दरम्यान राखावा, कारण मासे, मुळे आणि जीवाणू या तिघांनाही तेवढाच टापू मानवतो.

वाफ्यातले पाणी भरावे आणि उपसावे यासाठी घंटेच्या आकाराचा सायफन बसवितात, आणि या सबंध यंत्रात मला तोच भाग अत्यंत सुंदर वाटतो. वाफ्याच्या मधोमध एक उभी नळी, तिच्यावर तळाशी खाचा असलेली दुसरी जाड नळी पालथी घातलेली. पाणी हळूहळू चढत आतल्या नळीच्या ओठाशी येते, क्षणभर पाझरते, आणि मग एकाएकी ओढ धरून सबंध वाफा रिकामा करते. तळाच्या खाचांतून हवा शिरली की घुरघुराट होऊन ओढ तुटते, आणि भरणे पुन्हा सुरू होते. पाणी उतरताना मुळांशी हवा पोहोचते, आणि हे सारे एकही हलता भाग न ठेवता होते.

खडी भरली, पंप लावला, तरी मासे आणावयाची घाई करू नये. थोडा अमोनिया घालून चार ते सहा आठवडे पाणी नुसते फिरवावे. परीक्षेच्या काचनळीत अमोनियाचा रंग प्रथम पिवळ्यावरून हिरव्याकडे झुकतो, मग उतरू लागतो. त्यामागोमाग नायट्राइट चढून उतरते. आणि दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार झाली. पंचक्रोशीतून बघे येत असताना रिकाम्या पाण्याकडे दीड महिना पाहत बसणे सामुदायिक उपक्रमात फार अवघड जाते. म्हणून ही मुदत पहिल्याच बैठकीत सर्वांना सांगून ठेवावी.

प्रमाण ठरवावयाचे ते माशांना रोज पडणाऱ्या खाद्यावरून. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्याचे पाणी पुरते. नवशिक्यांनी हजार लिटर पाण्यात २० किलोपेक्षा अधिक मासळी ठेवू नये. वाढलेला मासा आपल्या वजनाच्या शेकडा १ ते २ इतके खातो. म्हणजे हजार लिटरच्या टाकीवर, रोज २०० ग्रॅम खाद्य धरले तर, चार-पाच चौरस मीटरांचा वाफा चालतो, आणि बाष्पीभवन व भाजीची तहान मिळून रोज शेकडा १ ते ३ इतके पाणी नव्याने घालावे लागते. एवढ्या भाजीवर कुणाचे घर चालणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र गावातल्या घरगुती खाणावळींना ताजा पालक, माठ, अळू रोज लागतो, आणि मिळकतीचा मोठा वाटा माशांपेक्षा भाजीच देते.

माशाचा विचार करताना रायगडकराला जिताडा आठवणारच. पेण-अलिबागच्या खारेपाटात खाडीतून पिले धरून शेताकडेच्या तळ्यांत जिताडा पोसण्याची चाल जुनी आहे. तो गोड्या पाण्यातही वाढतो, आणि ऑस्ट्रेलियात हाच मासा अ‍ॅक्वापोनिक्समध्ये पाळतात. परंतु लहान जिताडे आपल्याच भावंडांना गिळतात, त्यांची आकारानुसार वारंवार वेचणी करावी लागते. तेव्हा पहिल्या वर्षी रोहू किंवा कमी प्राणवायूत तग धरणारा पंगेशियस बरा. तिलापियाला सरकारी परवानगी लागते, आणि आफ्रिकी मागूर तर निषिद्धच. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात टाकीतली मासळी काढता आली, तर समुद्राच्या मासळीत वाढलेला गावही तिचा आदर करील.

आता वहिवाटीचा प्रश्न. आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. खारजमिनी समुद्रापासून राखणारे बाहेरकाठे आणि भरती-ओहोटीप्रमाणे उघडझाप करणाऱ्या उघाड्या यांची देखभाल पूर्वी शिलोत्री वहिवाटीने होई. बांध राखणाऱ्याचा हक्क पिकातूनच मुक्रर केलेला असे, आणि खांड पडले की कुणी धावावयाचे याबद्दल संदिग्धता नसे. १९४८च्या खारजमीन कायद्यानंतर ती जबाबदारी क्रमाने सरकारी खात्याकडे गेली, आणि बांध सर्वांचे झाल्यावर ते कुणाचेच उरले नाहीत, अशी खंत खारेपाटातली जुनी माणसे बोलून दाखवितात. टाकीचे गणित नेमके हेच आहे, फक्त येथे मुदत फार तोकडी आहे. बांधाची खांड एखादी भरती सोसेल. पंप बंद पडून पाण्यातला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खूप खाली गेला, तर दाटीने ठेवलेले मासे काही तासांतच मरतात. वादळानंतर वीज किती दिवस येत नाही याचा अनुभव श्रीवर्धन तालुक्याने घेतलेला आहे. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही चैन न समजता टाकीबरोबरच घ्यावयाची वस्तू समजावी.

म्हणून माझी विनंती अशी, की टाकी विकत घेण्यापूर्वी वही घ्यावी. कोणत्या वारी कोणत्या घराची पाळी, खाद्य किती घातले, सामू व अमोनिया किती निघाला, पंपाची जाळी कुणी धुतली, हे तिच्यात रोज नोंदले जावे. ज्याच्याकडे रोजची देखरेख सोपविली त्याचा भाजीतला वाटा आगाऊ ठरवून सर्वांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावा. शके ९८२चा ताम्रपट ज्या गावात सापडला, त्या गावाला दस्तऐवजाचे मोल मी काय सांगावे! तांत्रिक सल्ल्यासाठी पनवेलचे खारजमीन संशोधन केंद्र, श्रीवर्धनचे सुपारी संशोधन केंद्र आणि वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था ही तीन ठिकाणे एका दिवसाच्या प्रवासात आहेत. पाऊस ओसरून विहिरी तुडुंब असतात तो आश्विन महिना आरंभाला उत्तम. तेव्हा पाणी फिरविण्यास घ्यावे, दिवाळीच्या पुढेमागे मासे सोडावेत, आणि पहिले संपूर्ण वर्ष एकाच टाकीवर काढून वहीतले आकडे पाहिल्याखेरीज दुसरी टाकी घेऊ नये.