खुनाचा निकाल आणि झाकलेले शस्त्र

खुनाच्या खटल्याचा निकाल लागला, की शहरात दोन न्यायालये भरतात. एक न्यायाधीशापुढे आणि दुसरे ओट्यांवर, चहाच्या दुकानांत, घरोघरच्या दिवाणखान्यांत. पहिल्याला पुरावा लागतो. दुसऱ्याला बहुधा संताप पुरतो. पुणे शहराने १० मे २०२४ रोजी ही दोन्ही न्यायालये पाहिली.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर झाला. ते फिरावयास निघाले होते. मोटारसायकलवरून आलेल्या दोघा इसमांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तपास प्रथम पुणे पोलिसांकडे होता. २०१४ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. आरोप निश्चित व्हावयास २०२१ साल उजाडले. अखेर अकराव्या वर्षी विशेष न्यायालयाने सचिन अंदुरे व शरद कळसकर यांना दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा दिली आणि इतर तिघांची मुक्तता केली. कटामागील सूत्रधार तपासयंत्रणांना उजेडात आणता आले नाहीत, याकडेही न्यायालयाने निकालपत्रात लक्ष वेधले.

हा निकाल ऐकून कोणाला समाधान वाटले, कोणाला अर्धेच समाधान वाटले. दाभोलकरांच्या कुटुंबियांनी न्यायसंस्थेवरील विश्वास व्यक्त केला आणि सुटकेविरुद्ध वरच्या न्यायालयात जाण्याचा मानसही बोलून दाखविला. या दोन गोष्टींत विसंगती नाही. फौजदारी न्यायात आरोप वाजवी संशयाच्या पलीकडे सिद्ध व्हावा लागतो. तसा तो झाला नाही, म्हणजे आरोपी सुटतो. मग संशय कितीही दाट असो. निकालाविषयी असमाधान असणाऱ्यास अपिलाचा मार्ग मोकळा आहे. तो चोखाळणे हा न्यायालयाचा अवमान नव्हे, तर आदरच होय.

अशा खुनानंतर मात्र आणखी एक प्रश्न कुजबुजीने विचारला जातो. ज्याच्या जिवाला धोका आहे, त्याने खिशात पिस्तूल बाळगावे काय? खुद्द दाभोलकरांनी पोलीस संरक्षण नाकारले होते. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. सर्वांनी तसेच करावे असे कायदा म्हणत नाही. कायदा काय म्हणतो, हे मात्र नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

इंग्रजी अमदानीतील १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने या देशातील लोकांना निःशस्त्र केले, ही तक्रार जुनी होती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितलेला आढळतो. स्वतंत्र भारताच्या घटनेने मात्र त्यास मूलभूत हक्कांत स्थान दिले नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम परवान्यावर उभा आहे. पुण्यासारख्या शहरात हा परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो. अर्जदार एकवीस वर्षांचा असावा लागतो. त्याची पोलीस चौकशी होते. त्याच्या शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानेदारास दोनांहून अधिक बंदुका ठेवता येत नाहीत. सार्वजनिक शांततेसाठी परवाना नाकारताही येतो आणि पुढे रद्दही करता येतो.

पिस्तूल झाकून नेणे म्हणजे चोरटेपणा, असे अनेकांस वाटते. परंतु २०१६ च्या नियमांचा रोख नेमका उलट आहे. सार्वजनिक जागी नेताना पिस्तूल अंगाला बांधलेल्या म्यानात अथवा तशाच पिशवीत असावे, पूर्ण झाकलेले असावे आणि त्यावर बाळगणाऱ्याचा पुरता ताबा असावा, असे ते सांगतात. चारचौघांत शस्त्र परजणे निषिद्ध आहे. लग्नाच्या वरातीत हौसेने बार काढणाऱ्यास तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शस्त्र झाकावयाचे ते गुन्हा लपविण्यासाठी नव्हे, तर शेजाऱ्यास भय वाटू नये आणि स्वतःस मिरविण्याचा मोह होऊ नये म्हणून. मारेकऱ्याचे पिस्तूलही झाकलेलेच असते. पण परवानेदाराच्या शस्त्राची नोंद सरकारदरबारी असते आणि प्रत्येक गोळीचा जाब त्यास द्यावा लागतो.

तो जाब सोपा नाही. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने मान्य केला आहे. परंतु पोलिसांचे साहाय्य घेण्यास अवसर असेल तर तो उरत नाही, आणि आवश्यकतेहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. अवचित आलेल्या मारेकऱ्यापुढे म्यानातले पिस्तूल कितपत उपयोगी पडेल, हाही प्रश्नच आहे. उलट घरात, भांडणाच्या भरात, ते फार लवकर हाताशी येते.

याचा दाखला महाराष्ट्रानेच पाहिला आहे. १९५९ साली मुंबईत नौदलातील कमांडर नानावटी यांनी खोटे कारण सांगून जहाजावरून रिव्हॉल्वर व काडतुसे घेतली आणि पत्नीच्या प्रियकराच्या घरी जाऊन त्याला ठार केले. लोकांची सहानुभूती त्यांच्याकडे वळली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. तो कौल न पटल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे जन्मठेप झाली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. घटनेपूर्वी राग शांत होण्याइतका वेळ गेला होता, हा मुद्दा निर्णायक ठरला. लोकांना दिसला तो दुखावलेला पती. न्यायालयाने पाहिले ते मधले काही तास.

त्या मधल्या तासांतच जबाबदारी वसते. शस्त्र बाळगणाऱ्याने राग आला असता ते कुलपात ठेवावे, आणि निकाल ऐकणाऱ्याने संताप आला असता निकालपत्र वाचावे. पुण्यातील त्या पुलावर दाभोलकर निःशस्त्र चालत होते. एखाद्या नागरिकास सकाळी तसे निःशंक फिरता यावे, हीच शस्त्रकायद्याची आणि न्यायालयाचीही खरी कसोटी होय.