किरणांनीं दुखावलेला गळा

आषाढांत गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर करूळच्या दरींतून चढणारें धुकें थेट ओसरीपर्यंत येतें. अशा एखाद्या घरीं स्वरयंत्राच्या कर्करोगावर किरणोपचार घेऊन गृहस्थ परतला आहे, असें समजा. रोग हटला म्हणून सारे निश्चिंत असतात. पुढें कांहीं महिन्यांनीं त्याचा आवाज बसतो, गिळतांना दुखतें आणि श्वास घेतांना शीळ घातल्यासारखा आवाज येऊं लागतो. रोग उलटला कीं काय, या शंकेनें घर हादरतें.

दर वेळीं तसेंच असतें असें नाहीं. राँटगेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरण शोधले, क्यूरी दांपत्यानें १८९८ सालीं रेडियम. त्यांतूनच ही उपचारपद्धति निघाली. कर्करोगासाठीं वाहिलेलें टाटा स्मारक रुग्णालय मुंबईस १९४१ सालीं उघडलें. आज स्वरयंत्रावर बहुधा सहा-सात आठवड्यांत ६० ते ७० ग्रे इतकी किरणमात्रा विभागून देतात. रोगपेशी त्यानें मरतात. परंतु वाटेंतील निरोगी पेशींनाही झळ लागते.

आरंभींचा दाह बहुधा कांहीं आठवड्यांत निवळतो. उशिरा होणारी इजा निराळी. बारीक रक्तवाहिन्या आकसत जातात आणि पाटाचें पाणी तुटलेल्या उसाप्रमाणें तेथील भाग सुकूं लागतो. स्वरयंत्राची कूर्चा तिच्या आवरणांतून पोसली जाते. तें पोषण तुटलें व जंतु शिरले, म्हणजे ती कुजते. ही अवस्था विरळा, परंतु गंभीर होय.

इजा आणि उलटलेला रोग यांचीं लक्षणें सारखींच असतात. म्हणून वैद्य दुर्बिणीनें गळा पाहतात, छायाचित्रें काढवितात. तुकडा काढून तपासण्याचा निर्णय मात्र ते विचारपूर्वक घेतात. कारण रक्त कमी पोंचणाऱ्या भागाची जखम सहजीं भरत नाहीं.

उपचार पायरीपायरीनें होतात. तंबाखू व धूर पूर्ण वर्ज्य करणें, आवाजास विश्रांति देणें, हवा दमट ठेवणें ही पहिली पायरी. येथें धुकें शत्रु नव्हे. कोंडलेल्या चुलीचा धूर शत्रु आहे. सूज असल्यास स्टेरॉइड, जंतुबाधेवर प्रतिजैविकें देतात. कांहीं रोग्यांना बंद कक्षांत वाढविलेल्या दाबाखालीं शुद्ध प्राणवायु देतात. त्यानें नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास साहाय्य होतें. वाट फारच अरुंद झाली, तर गळ्यास छिद्र पाडून श्वासनळींत नळी बसवितात. कूर्चा वांचणारी नसेल, तर स्वरयंत्र काढावें लागतें. तरीही झडपेच्या साहाय्यानें पुन्हां बोलणें अनेकांना साधतें.

एवढें मात्र घरांतील प्रत्येकानें लक्षांत ठेवावें. आवाज बसला तर लवकर दाखवावें. श्वासांतून शीळ ऐकूं आली, तर घरगुती काढ्यांत वेळ दवडूं नये. गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारें ५५ किलोमीटर आहे. पाऊस उघडण्याची किंवा उजाडण्याची वाट न पाहतां निघावें. घाबरून स्वस्थ बसण्यापेक्षां वेळेवर केलेली तपासणीच रोग्याचा श्वास वांचविते.