कुत्र्याचा खाऊ

रोह्याकडे जाणाऱ्या गाडीनें नागोठणें सोडलें कीं पुढचें स्थानक निडी. तेथें आमच्या एका आप्तांचें घर आहे. परसाच्या कुंपणापलीकडे भाताचीं खाचरें आणि खाचरांपलीकडे रेल्वेचा रूळ. घरांत मोत्या नांवाचा गांवठी कुत्रा आहे. गतवर्षीं गणपतीच्या दिवसांत आम्ही तेथें गेलों असतां मुलांच्या हातून फाटक उघडें राहिलें आणि मोत्या बगळ्यांमागें धांवत थेट रुळापर्यंत गेला. तिकडून गाडीची शिटी ऐकूं आली. यजमानांनीं हांक मारली. मोत्यानें मान वळवून पाहिलें आणि पुन्हां पाठ फिरविली. दुसरी हांक मारली, तिसरी मारली; तो जागचा हलला नाहीं.

तेवढ्यांत घरांतील वृद्ध काकूंनीं फुटाण्यांचा डबा खडखडावला. दुपारीं त्या स्वतः फुटाणे खातात, तेव्हां चार दाणे मोत्याच्या वांट्याला येतात, एवढाच त्या डब्याचा महिमा. मोत्या कान टवकारून जो निघाला तो परसांत येऊनच थांबला. गाडी गेल्यावर बराच वेळ कोणीच कांहीं बोललें नाहीं.

धनी हांक मारतो तर येत नाहीं, आणि डबा वाजतांच येतो, याला कृतघ्नपणा म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. यजमान मोत्याला हांक मारीत ती साखळी अडकविण्यासाठीं, नाहीं तर चिखलांत लोळल्याबद्दल रागें भरण्यासाठीं. हांकेचा त्यानें लावलेला अर्थ बरोबरच होता. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल. अन्नापूर्वीं नेहमीं होणारी खूण कानीं पडली कीं अन्न दिसण्याआधींच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतें, हें त्यांनींच दाखवून दिलें. काकूंनीं पाव्हलॉव्हचें नांवहि ऐकलेलें नाहीं, पण त्यांचा डबा नेमकें तेंच काम करीत होता.

तेव्हां खाऊ ही केवळ लाडाची बाब नव्हे. खाऊ म्हणजे कुत्र्याशीं बोलण्याची भाषा आहे, आणि तिचें व्याकरण फार कडक आहे. त्यांतला मुख्य नियम वेळेचा. 'बस' म्हटल्यावर कुत्रा बसला, आपण उठून फडताळ उघडलें, बरणी काढली, तोंवर तो उठून उडी मारीत असतो. मग आपण बक्षीस देतों तें उडीला! खाऊ हातांतच असावा आणि कृति घडतांक्षणींच द्यावा. तेवढें न साधल्यास 'शाबास' असा एकच शब्द त्याच क्षणीं उच्चारावा आणि त्यामागून खाऊ द्यावा. थोड्याच दिवसांत त्या शब्दालाहि डब्याचा गुण येतो.

तुकडा हरभऱ्याएवढा पुरे.  दिवसभरांतील सर्व खाऊ मिळून त्याच्या एकंदर आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. भाकरीमागें तूप घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची कथा आपण भक्तिभावानें ऐकावी. परंतु रोजच्या तुपानें कुत्रा लठ्ठ होतो, आणि अति स्निग्ध पदार्थांनीं त्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊं शकते, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आपल्या घरांत योग्य वस्तूंचा तुटवडा नाहीं. उकडलेला लाल भोपळा, रताळें, गाजर, काकडी, अळणी फुटाणे, भाकरीचा कोरडा तुकडा, हें सर्व चालतें. दूध पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना पचत नाहीं. दही त्यामानानें सोसतें. घरांत शिकवितांना फुटाण्यानें भागतें, पण बाहेर बगळे उडत असतां फुटाण्याची किंमत उतरते. तेथें पनीर, किंवा ज्यांच्या घरीं वर्ज्य नाहीं त्यांनीं उकडलेलें अंडें वा कोंबडीचा तुकडा, असें कांहीं विशेष राखून ठेवावें. पेणचे पापड मात्र आपणच खावे. त्यांतील मीठ व खार कुत्र्याच्या कामाचे नाहींत.

आतां भीतीची गोष्ट. प्रसादाचा शिरा कुत्र्याला घालतांना त्यांतील बेदाण्यांचा विचार किती घरांत होतो? द्राक्षें, मनुका, बेदाणे यांनीं कुत्र्यांचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. एखाद्याला मूठभर खाऊन कांहीं होत नाहीं, दुसरा थोडक्यांतच दगावतो. म्हणून सुरक्षित प्रमाण असें सांगतां येत नाहीं. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हें याचें कारण असावें, असें मत २०२१ सालीं पुढें आलें. तें आम्ल चिंचेंतहि भरपूर असतें, आणि चिंच खाऊन कुत्र्यांचीं मूत्रपिंडें बिघडल्याचीं उदाहरणें नंतर प्रसिद्ध झालीं आहेत. उरलेली आंबटगोड आमटी भातावर ओतून कुत्र्यापुढें ठेवण्याची आपली जुनी रीत त्यामुळें सोडलेली बरी. शिवाय आमटींत कांदालसूण असल्यास त्यानें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात. चॉकलेट त्याला विषारी आहेच. साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेले गोड पदार्थ तर थोडक्या वेळांत त्याच्या रक्तांतील साखर एकदम खालीं आणतात. असें कांहीं पोटांत गेल्याचें कळतांच लक्षणांची वाट न पाहतां पशुवैद्य गांठावा.

खाऊची लांच जन्मभर द्यावी लागेल काय, अशी शंका यजमानांनीं काढली. तसें नाहीं. कृति पक्की झाल्यावर खाऊ कधीं द्यावा, कधीं देऊं नये. फर्स्टर व स्किनर यांच्या १९५७ सालच्या ग्रंथांतील प्रयोगांवरून पाहतां अशा अनिश्चित बक्षिसानेंच शिकलेली कृति अधिक चिवट होते. आणि कुत्र्याला केवळ अन्नच गोड लागतें असेंहि नाहीं. चेंडू फेंकणें, बांधाचा वास घेऊं देणें, पुन्हां मोकळें सोडणें, हींहि बक्षिसेंच होत.

हें शेवटचें बक्षीस यजमानांनीं मनावर घेतलें. आतां ते जुनी हांक मारीतच नाहींत. 'चल घरीं' असा नवा शब्द ठरविला आहे आणि तो साखळीसाठीं कधींहि वापरावयाचा नाहीं, अशी घरांत सक्त ताकीद आहे. मोत्या आला कीं पनीरचा कण मिळतो, पाठीवर थाप पडते, आणि बहुतेक वेळां त्याला पुन्हां परसांत सोडून दिलें जातें. फुटाण्यांचा डबा काकूंनीं फाटकाजवळच्या कोनाड्यांत हलविला आहे, आणि दुपारीं खुर्ची टाकून त्या तेथेंच बसतात.