पुन्हा पुन्हा पडणारे स्वप्न

तिसरी घंटा झालेली असते. पडदा वर जातो. समोर भरलेले नाट्यगृह आणि आपण रंगमंचाच्या मधोमध उभे. समोरचा नट वाक्य बोलून आपल्याकडे पाहतो आहे. पण आपल्याला आपले वाक्यच काय, नाटकाचे नावही आठवत नाही. विंगेत पाहावे तर प्रॉम्प्टरची खुर्ची रिकामी. घशाला कोरड पडते आणि जाग येते.

नाटकात थोडीफार उमेदवारी केलेल्या कोणालाही विचारा. हे स्वप्न त्याच्या ओळखीचे निघण्याचा संभव फार. ख्रिस्तोफर ड्युरँग या अमेरिकी नाटककाराने १९८१ मध्ये त्यावर एक एकांकिकाच लिहिली. ज्यांचा नाटकाशी संबंध नाही त्यांच्या वाट्याला परीक्षेचे स्वप्न येते. पन्नाशी उलटलेला, नातवंडे असलेला माणूस झोपेत गणिताच्या पेपरला उशिरा पोहोचतो. गंमत म्हणजे असे स्वप्न बहुधा उत्तीर्ण झालेल्या परीक्षेचेच पडते, हे फ्रॉइडने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे. आणि आम्हा वसई-विरारकरांचे स्वप्न? ते सांगायलाच नको. गाडी सुटते आहे, दांडा हाताला लागतो आहे आणि पाय मात्र उचलत नाहीत!

अशा स्वप्नांचा अभिनय शिकवताना उपयोग करता येईल का, हा प्रश्न बाहेर नवा नाही. सँड्रा सीकॅट या अमेरिकी अभिनयशिक्षिकेने आपल्या नटांकडून स्वप्नांवर वर्षानुवर्षे काम करून घेतले. जॅनेट सोनेनबर्ग या दिग्दर्शिकेने रॉबर्ट बोस्नाक या मूळच्या डच मनोविश्लेषकाच्या साथीने एक पद्धत बसवली आणि २००३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

या साऱ्याचे मूळ शोधत गेले तर आपण स्तानिस्लाव्हस्कीपाशी पोहोचतो. के. नारायण काळे यांच्या ‘अभिनयसाधना’मुळे हा रशियन गुरू मराठी नटांच्याही घरचा झाला. भावनांची स्मृती समजावताना तो दोन प्रवाशांची गोष्ट सांगतो. दोघे भरतीच्या वेळी खडकावर अडकतात आणि वाचतात. पुढे एकाला आपण काय काय केले ते पायरीपायरीने आठवते; दुसऱ्याला आठवते ते फक्त काय वाटले ते. नटाला दुसऱ्याची स्मृती हवी. पण यातूनच वाद उभा राहिला. ली स्ट्रासबर्गने अमेरिकेत नटांना स्वतःची जुनी दुःखे उकरायला लावली. स्टेला अ‍ॅडलर १९३४ मध्ये पॅरिसला जाऊन खुद्द स्तानिस्लाव्हस्कीला भेटली आणि परत येऊन म्हणाली की गुरूजी स्वतः आता स्मृतीपेक्षा कल्पनेवर आणि कृतीवर भर देतात.

स्वप्न या दोहोंच्या मध्ये बसते. ते आपलेच असते, पण घडलेले नसते. शिवाय नटाची खरी अडचण एकदा रडण्याची नाही. शंभराव्या प्रयोगाला तेच रडणे ताजे ठेवण्याची आहे. पुन्हा पुन्हा पडणारे स्वप्न नेमके हेच करते. कथा ठाऊक असते, शेवट ठाऊक असतो आणि तरी दर वेळी छाती तशीच धडधडते.

आपल्या परंपरेलाही हे परके नाही. नाट्यशास्त्रातल्या तेहतीस संचारी भावांत ‘सुप्त’ हा एक भाव आहे आणि झोपेतले बरळणे ही त्याची एक खूण. भासाच्या ‘स्वप्नवासवदत्ता’त पाचव्या अंकात उदयन झोपेत वासवदत्तेशी बोलतो. ती मेली असे तो समजतो. ती तर त्याच्या उशाशी बसलेली असते आणि उत्तरही देते. जाताना त्याचा लोंबणारा हात उचलून शय्येवर ठेवते. उदयनाचे काम करणाऱ्या नटाने ती वाक्ये कोणत्या आवाजात म्हणायची? जागेपणीच्या आवाजात ती खोटी वाटतात.

आमच्या हौशी गटात हा प्रयोग मी केला तो २०१५ च्या पावसाळ्यात. वसईतल्या एका शाळेच्या वर्गात, बाके भिंतीला लावून, एका एकांकिकेच्या तालमी चालत. रीत सोपी होती. स्वप्न वर्तमानकाळात सांगायचे, अगदी सावकाश. ‘मी पळत होतो’ नव्हे, ‘मी पळतो आहे’. पायाखाली काय आहे? वास कसला? शरीरात कुठे काय होते आहे? अर्थ मात्र कोणी लावायचा नाही. मग स्वप्नातल्या दुसऱ्या कोणाच्या जागी उभे राहायचे.

अर्नाळ्याची एक मुलगी होती. तिचे स्वप्न असे : ती होडीतून किल्ल्याच्या बेटाकडे निघाली आहे, आई किनाऱ्यावर पाठमोरी उभी आहे आणि हिला हाक मारायची आहे, पण आवाज फुटत नाही. मी तिला आईच्या जागी उभे केले. बराच वेळ ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “सर, हिला हाक ऐकू येतेय. पण वळली तर पोरगी परत फिरेल, म्हणून ही वळत नाहीये.”

एकांकिकेत तिला सासरी निघालेल्या लेकीला निरोप देणाऱ्या आईचे काम होते. तोवर त्या प्रसंगात ती ढसाढसा रडत असे. त्या दिवसापासून तिने पाठ फिरवून भांडी लावायला सुरुवात केली. वर्गात एकही जण हलेना.

या यशाने मी हुरळून गेलो आणि तिथेच चुकलो.

गटात चाळिशीचे एक गृहस्थ होते. बोलके, सगळ्यांना चहा पाजणारे. त्यांनी स्वप्न सांगितले ते आम्हा सर्वांचेच : फलाट, सुटलेली गाडी, धावणे. मला वाटले, नेहमीचेच आहे. मी म्हणालो, “आज गाडी सोडायची नाही. धावा. पकडा दांडा. चढा आत.” ते धावले आणि वर्गाच्या मध्यावर थांबले. हात थरथरू लागले. काही न बोलता खुर्चीवरची पिशवी उचलून ते निघून गेले.

दोन दिवस ते आले नाहीत, तेव्हा मी घरी गेलो. वहिनींनी दार उघडले. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी त्यांची रोजची गाडी चुकली होती. त्या दिवशी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले आणि एकशे ऐंशीहून अधिक माणसे गेली. चुकलेली गाडी त्यांतलीच होती. रोज जागा धरून ठेवणारा सोबती तिच्यातून गेला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही नाटक बसवा. यांची झोप आम्ही कशीबशी बसवलीय.”

स्ट्रासबर्ग सांगत असे की नटाने निदान सात वर्षे जुनी स्मृतीच वापरावी. इथे तर नऊ वर्षे उलटली होती. जखमेला कॅलेंडर नसते, एवढेच खरे. पुढे वाचनात आले की भीषण प्रसंगानंतर वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर मानसोपचारात एक उपाय केला जातो. रुग्ण जागेपणी स्वप्न बदलून लिहितो आणि त्याची मनातल्या मनात रोज उजळणी करतो. म्हणजे चक्क तालीम! पण तिथे नवे स्वप्न कसे असावे हे रुग्ण स्वतः ठरवतो, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. मी मात्र दुसऱ्याच्या स्वप्नाचा शेवट परस्पर ठरवून मोकळा झालो होतो.

तेव्हापासून काही पथ्ये पाळतो. स्वप्न कोणते सांगायचे हे सांगणाऱ्याने ठरवायचे आणि ‘नको’ म्हटले की कारण विचारायचे नाही. खऱ्या घटनेतून आलेले स्वप्न तालमीत घ्यायचे नाही. झोप उडवणारे असेल तर त्याची जागा डॉक्टरांकडे. आणि दिग्दर्शकाने शेवट सुचवायचा नाही.

ते गृहस्थ परत आले, पण रंगमंचावर नाही. म्हणाले, “सर, मी प्रकाशयोजना सांभाळतो.” प्रयोगाच्या रात्री आईने पाठ फिरवली तेव्हा दिवा उतरवायचा होता. ठरल्यापेक्षा चार क्षण त्यांनी तो तसाच ठेवला. मी नंतर विचारले. ते म्हणाले, “जाणारीला दिसायला नको का, आई उभी आहे ते?”

आज रविवार. चहाच्या वेळी घरातले कोणी म्हणेल, “मला परत तेच स्वप्न पडलं.” तेव्हा ‘पाणी दिसलं म्हणजे पैसा मिळणार’ असली भाकिते करू नका. “कुठे होतास? कसं वाटलं?” एवढेच विचारा. आणि तो गप्प राहिला, तर चहाचा कप पुढे करा.